साडेबाराची बैठक

“मॅडम, जाऊ नका. खरा कार्यक्रम तर आता आहे,” एवढं बोलून तो सभागृहाच्या मागच्या दाराकडे पळतो.

३ जानेवारी. देगलूरमधल्या एका महाविद्यालयात सावित्रीबाई फुले जयंतीचा कार्यक्रम आत्ताच संपलाय. मी पाहुणी म्हणून आलेय. बोलून झालं, शाल-श्रीफळ झालं, आता नांदेडची गाडी धरायची तेवढी उरलीय. स्टेजवर सावित्रीबाईंच्या तसबिरीला झेंडूचा हार आहे, समोर समई तेवतेय, दारात मोठी रांगोळी आहे. ती काढणाऱ्या तिघी सकाळच्या पहिल्या गाडीनं आल्यात, हे मला चहा पिताना कळलं. फुलं द्यायला मुली, औक्षणाला मुली, स्वागतगीताला मुली. प्रास्ताविक मात्र मुलानं केलं, आभारही मुलानंच मानले. माइक जुळवणारा मुलगा, फोटोवाला मुलगा, पाहुण्यांची गाडी आली का ते फोनवर विचारणारा मुलगा. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा उभी करणाऱ्या बाईच्या जयंतीला मुली स्टेजच्या पायरीपर्यंत येतात आणि ताट घेऊन तिथंच थांबतात. दोन तास मी हेच बघत होते. तोही बघत होता, हे आता लक्षात येतंय.

तो परत येतो तेव्हा त्याच्या एका हातात खडू-डस्टर आहे आणि दुसऱ्या हातात जाड पुठ्ठ्याची एक वही. बी.ए. तिसऱ्या वर्षाचा मुलगा, शेतकऱ्याचा. गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचा सचिव. धाकटी मुलं त्याला दादा म्हणतात, बरोबरीची अजूनही ‘सचिव’ म्हणूनच हाक मारतात. छातीवर राष्ट्रीय सेवा योजनेचा बिल्ला आहे, कोणार्कच्या रथचक्राचा. सकाळपासून ओरडून आवाज बसलाय.

“किती वाजले?” तो विचारतो.

“बारा पंचवीस.”

“बोलवा सगळ्यांना. मुलींच्या कॉमन रूमकडं कोणतरी मुलगीच जा.”

स्नेहसंमेलनाच्या तयारीची ही पहिली बैठक. साडेबारा ही वेळ मला जरा विचित्र वाटते. ही जेवणाची सुट्टी आहे. डबे उघडलेत, कँटीनमध्ये मुरमुऱ्यांच्या सुशील्यावर आणि भज्यांवर गर्दी आहे. मी त्याला विचारते. तो वही टेबलावर आपटून धूळ झटकतो आणि सांगतो, “गेल्या साली सगळ्या मीटिंगा पाचला घेतल्या मॅडम. एक मुलगी येईना. आम्हीच म्हणायचो, मुलींना इंटरेस्ट नाई. मग एकदा मीटिंग सोडून कामासाठी स्टँडवर गेलो, तर सगळ्या तिथं उभ्या. गाडीची वाट बघायल्या होत्या.”

देगलूर हे नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाचं तालुक्याचं गाव. हैदराबादच्या रस्त्यानं थोडं पुढं गेलं की तेलंगणातलं मदनूर लागतं, दुसऱ्या अंगाला कर्नाटकातलं औराद. इथल्या कॉलेजांत हाणेगाव, मरखेल, करडखेड, शहापूर अशा गावांतून आणि मधल्या बंजाऱ्यांच्या तांड्यांवरून मुली येतात. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो, पुढं सवलतीचा पास काढावा लागतो. मार्च २०२३ पासून बायकांना तिकीटही निम्मं झालंय. मुलगी शिकायला बाहेर पडते त्यामागं या लाल गाडीचा वाटा फार मोठा आहे, हे मराठवाड्यात फिरणाऱ्या कुणालाही दिसतं. पण गाडीची वेळ गाडीच ठरवते. ती चुकली की घरी प्रश्न विचारले जातात, आणि दोनदा चुकली की कॉलेजच बंद होऊ शकतं. पाचच्या बैठकीला न येणाऱ्या मुलीला ‘इंटरेस्ट नाही’ म्हणणं सोपं असतं. या मुलानं ते म्हणणं सोडलं आणि घड्याळाचा काटा मागं घेतला. मला विचाराल तर अर्धं काम इथंच झालंय.

मुली येतात. आधी दोघी-तिघी, मग घोळक्यानं. डबे हातातच आहेत. मागच्या भिंतीला लागून बाकं आहेत, ती आधी भरतात. मुलं खिडक्यांत आणि टेबलांवर बसतात. मराठवाड्यातल्या कुठल्याही सभेत दिसते तीच रचना, फक्त इथं सतरंजीऐवजी बाकं. कोपऱ्यात एक प्राध्यापिका वहीत काहीतरी लिहीत बसल्यात. त्या फारशा बोलणार नाहीत, पण उठूनही जाणार नाहीत, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळतं.

कानावर तीन भाषा पडतायत. मराठी आहे, दखनी आहे, मागच्या बाकावर दोघी तेलुगूत काहीतरी कुजबुजतायत आणि “अक्का, इकडं ये की” अशी हाक येते. सीमेवरच्या गावाचं हे वैभव आहे. इथली बारा वर्षांची पोरगी बाजारात तीन भाषांत भाव करते.

तो फळ्यावर लिहायला लागतो. मंडप आणि ध्वनी. खर्च. शिस्त. क्रीडा. सांस्कृतिक. स्वागत. रांगोळी व सजावट. भोजन. शेवटी मोठ्या अक्षरात ‘सचिव’. मग वही उघडून गेल्या वर्षीचं पान वाचतो. खर्च समितीत सगळे मुलगे. मंडप समितीत सगळे मुलगे. शिस्त, क्रीडा, सगळे मुलगे. स्वागत आणि रांगोळीत सगळ्या मुली.

“हे पान मीच लिहिलंय,” तो म्हणतो. “माझंच अक्षर आहे. यंदा फळ्यावर कुणासमोर मुलगा-मुलगी लिहायचं नाई. ज्याला जे काम जमतं ते त्यानं सांगायचं. तिनं सांगायचं.”

खिडकीतून पहिला आवाज येतो. “मंडपवाल्याशी घासाघीस कोण करणार मग? मुली करणार का? तो काय बोलतो माहितंय ना तुला?”

मुलं हसतात. काही मुलीही हसतात, तोंडावर हात ठेवून.

“मी करते.”

आवाज मागच्या बाकावरून आलाय. हाणेगावकडची मुलगी, बी.कॉम. दुसऱ्या वर्षाची. उभी राहत नाही, बसूनच बोलते. “सोयाबीन घेऊन पप्पा येतात तेव्हा आडतीवर मी जाते सोबत. पट्टी मीच वाचते. हमाली किती, तोलाई किती, बारदाना किती धरला. एकदा वजनात फरक निघाला तर मी काटा पुन्हा करायला लावला होता. मंडपवाला काय त्याहून मोठाय?”

आता हसू थांबतं. देगलूर हे आडतीचं गाव आहे. इथल्या आडत व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन साठच्या दशकात शिक्षण संस्था काढली आणि देगलूर महाविद्यालय उभं केलं. इथल्या उच्चशिक्षणाचा पाया धान्याच्या पैशातून घातला गेलाय. त्या गावात आडतीची पट्टी वाचता येणं ही काय चीज आहे, हे खिडकीतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. कारण त्यांच्यातल्या कितीतरी जणांना ती वाचता येत नाही. बापाच्या हातात पट्टी पडते, बाप खिशात घालतो, संपलं.

तो काही बोलत नाही. ‘शाब्बास’ नाही, ‘टाळ्या वाजवा’ नाही. फळ्यावर ‘मंडप आणि ध्वनी’समोर तिचं नाव लिहितो आणि विचारतो, “सोबत कोण?”

“सोबत कशाला? एकटी करते की.”

“एकटी नको. दोघी व्हा. हा नियमच आहे यंदा, प्रत्येक समितीत दोघी तरी पाहिजेत.”

या नियमाचं कारण मी त्याला नंतर विचारणार होते, पण ते मला समोरच समजतं. चार मुलांच्या समितीत एक मुलगी असली की ती गावात बोलण्याचा विषय होते. कुणाबरोबर गेली, कुणाच्या गाडीवर बसली, हसली का. दोघी असल्या की ती समिती होते. मुलीच्या आईला सांगता येतं, ‘मैत्रीण आहे सोबत.’ हा हिशोब कुठल्या पुस्तकात नाही. तो त्यानं मुलींना विचारून केलाय, आणि विचारून केलाय म्हणून नेमका बसलाय. मुलींना पुढं आणण्याची भाषणं मी आयुष्यभर ऐकली, आजही मीच एक करून बसलेय. त्यांत ‘दोघी’ हा शब्द कधी आला नाही.

दुसरी मिळते. मग खर्च समिती. मग शिस्त.

‘शिस्त’पाशी वाद पेटतो. गेल्या वर्षी गॅदरिंगला शिट्ट्या, खुर्च्यांची फेकाफेक झाली होती म्हणे. “तिथं मुली काय करणार, मार खाणार का?” एक जण विचारतो आणि तो चिडून विचारत नाही, काळजीनं विचारतोय. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठते. एन.सी.सी.ची. पाठ ताठ, आवाज कवायतीचा. “शिट्ट्या कोण वाजवतं? आमच्याकडं बघूनच वाजवतात ना? मग कोण वाजवायलंय ते आम्हालाच आधी दिसतंय. शिस्त समितीत आम्हीच पाहिजेत.” आणि खाली बसते.

कोपऱ्यातल्या प्राध्यापिका पहिल्यांदा मान वर करतात. “बरोबर आहे,” म्हणतात. मग शांतपणे सांगतात की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीत, प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तेव्हा, विद्यार्थ्यांचे तीन प्रतिनिधी असायला हवेत. तेही नेमलेले नकोत, निवडून आलेले हवेत. समितीत निम्म्या तरी स्त्रिया हव्यात आणि अध्यक्ष ज्येष्ठ प्राध्यापिकाच हवी. “ती निवड पण याच महिन्यात करायची आहे. कोण उभं राहणार, त्याचा विचार करून ठेवा.” मुली एकमेकींकडं बघतात. बहुतेकींनी हे पहिल्यांदाच ऐकलंय. मुलांनीही.

तो लगेच वहीत लिहून घेतो. मग खिशातून घडी घातलेली एक झेरॉक्स काढतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६. त्यातलं विद्यार्थी परिषदेचं पान. कडा मळल्यात, म्हणजे बरेच दिवस खिशातच फिरतंय.

“हे बघा. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि मागास प्रवर्गातून आळीपाळीनं एक. सगळ्या विद्यार्थ्यांनी मतं देऊन निवडायचे. वर्गाचा प्रतिनिधी वेगळा.” तो थांबतो. “आता सगळे काय समजतात? महिला प्रतिनिधी म्हणजे मुलगी, बाकीच्या जागा म्हणजे मुलगे. इथं तसं कुठं लिहिलंय? दाखवा मला. अध्यक्षासमोर ‘पुरुष’ लिहिलंय का?”

कुणी काही बोलत नाही. झेरॉक्स हातोहात मागं जाते. मुली ती खरंच वाचतात, बोट ठेवून.

मला इथं दोन वाक्यं मध्ये घालावीशी वाटतात. महाराष्ट्रात विद्यार्थी परिषदेच्या खुल्या निवडणुका १९९४ च्या कायद्यापासून बंद झाल्या आणि गुणवत्तेवर नेमणुका सुरू झाल्या. २०१६ च्या कायद्यानं निवडणूक पुन्हा कागदावर आणली. २०१९ मध्ये ती होणार असं वाटत असतानाच विधानसभेच्या धामधुमीत पुढं ढकलली गेली. म्हणजे या खोलीतल्या एकाही मुलानं किंवा मुलीनं कॉलेजात मतपेटी पाहिलेली नाही. पण यांच्यातल्या कितीतरी जणींनी घरात सरपंच पाहिलीय. २०११ पासून राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. कुणाची आई, कुणाची काकू, कुणाची आजी ग्रामपंचायतीत आहे. त्यातल्या किती जणींची सही स्वतःची आणि निर्णय नवऱ्याचा, हेही या मुलींना माहीत आहे. त्या घरातून आल्यात. सहीचं पद आणि कामाचं पद यातला फरक त्यांना कुणी शिकवायची गरज नाही.

या जिल्ह्यानं सूर्यकांता पाटलांना लोकसभेत धाडलं होतं, पुढं त्या हिंगोलीतून निवडून गेल्या आणि केंद्रात ग्रामीण विकास खात्याच्या राज्यमंत्री झाल्या. दिल्लीपर्यंतची वाट इथल्या बाईला माहीत आहे. अडतं ते पहिल्या पायरीवर, कॉलेजच्या खोलीत. आणि हे काही आपल्याकडंच नाही. अलाहाबाद विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाला स्वातंत्र्यानंतरची पहिली महिला अध्यक्ष मिळायला २०१५ साल उजाडलं, ऋचा सिंह निवडून आली तेव्हा. चंदिगडच्या पंजाब विद्यापीठात कनुप्रिया अध्यक्ष झाली ती २०१८ मध्ये. मराठवाड्याचा विद्यार्थी तर निजामाच्या काळापासून रस्त्यावर आहे. १९३८ ची वंदे मातरम् चळवळ, १९७४ चं विकास आंदोलन, मग नामांतराचा लढा. नामांतराच्या लाँग मार्चमध्ये बायका पोरं कडेवर घेऊन चालल्या. नेत्यांची यादी मात्र आपण म्हणायला लागलो की पुरुषांचीच नावं ओठांवर येतात.

एक वाजायला आलाय. फळ्यावर बरीच नावं भरलीत. शेवटची ओळ रिकामी आहे. सचिव.

“दादाच!” धाकटी मुलं ओरडतात. “सचिव, दुसरं कोणंय?”

“मी नाई. मी यंदा उभाच नाई.”

हे त्याच्या मित्रांनाही नवं दिसतंय. टेबलावर बसलेला एक जण खाली उतरतो. “अरे काय बोलायलास? आपलं ठरलं होतं की. पॅनल केलंय आपण.”

“पॅनल तुमचं. मी गेल्या साली झालो की. एकदा बास.” मग मागच्या बाकांकडं बघून, “शिबिरात कोण कोण होतं? घरोघर सर्व्हे कुणी केला होता, सांगा.”

मागं कुजबुज. मग दोघी-तिघी एकीकडं बघतात आणि ती मान खाली घालते. तांड्यावरची मुलगी, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची. हातावर पेनानं कसलंतरी सूत्र लिहिलेलं आहे, प्रॅक्टिकलचं असावं.

सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर दरवर्षी दत्तक गावात भरतं. मुलांचं श्रमदान, मुलींचा सर्व्हे, संध्याकाळी व्याख्यान असा त्याचा ठरलेला साचा असतो. तो मला सांगतो, पण सांगतो सगळ्यांना ऐकू जाईल असं: “आम्ही खड्डे खांदले, फोटो काढले. हिनं सगळं गाव फिरून काढलं. मराठी घरात मराठी, तेलुगू घरात तेलुगू, तांड्यावर गोरमाटी. कुणाच्या घरी गरोदर बाई आहे, कुणाची पोरगी शाळा सोडून बसलीय, सगळं लिहून आणलं. शेवटच्या दिवशी सरपंचासमोर रिपोर्ट मी वाचला. लिहिला हिनं आणि वाचला मी. तवापासून माझ्या डोक्यात आहे.”

खोली गप्प आहे. ती मुलगी हातावरचं सूत्र अंगठ्यानं पुसतेय.

“हिचं नाव मी सुचवते,” एन.सी.सी.वाली म्हणते.

“माझं अनुमोदन,” आडतवाली.

“मला नाई जमायचं,” ती म्हणते. फार हळू. “सचिवाला स्टेजवर बोलावं लागतंय. माझं मराठी तसं शुद्ध नाई. बोलताना आमच्या बोलीचं येतंय मधी.”

तो दोन पावलं पुढं येतो. चेहऱ्यावर मनापासूनची आपुलकी आहे. “अगं, त्याचं काय टेन्शन घेतेस? मी आहे ना तुझ्या मागं. भाषण मी लिहून देतो, काही अडलं तर मी...”

“दादा,” एन.सी.सी.वाली मध्येच बोलते, “मागं कशाला? तुम्ही बसा की खाली.”

क्षणभर कुणाला कळत नाही. मग मागच्या बाकावरून पहिल्यांदा मोकळं हसू फुटतं. तोंडावर हात न ठेवता. तो लाल होतो. काहीतरी बोलायला तोंड उघडतो, मिटतो, आणि खरंच खाली बसतो. पहिल्या बाकाच्या कडेला, एका धाकट्या मुलाला सरकवून. खडू टेबलावर ठेवतो.

आजच्या सगळ्या दुपारीत मला त्याचं हे बसणं सर्वांत मोलाचं वाटतं. वेळ बदलणं, फळ्यावर नावं लिहिणं, झेरॉक्स वाटणं हे सगळं चांगलंच, पण त्या सगळ्यात तो उभा होता आणि बाकीचे बसलेले होते. ‘मी आहे ना मागं’ हे वाक्य आपल्याकडं प्रत्येक चांगला बाप, भाऊ, नवरा म्हणतो. ते प्रेमानं म्हटलेलं असतं. पण मागं उभा राहिलेला माणूस बोलणारीच्या कानात सतत बोलत राहतो आणि समोरचे लोकही तिच्याकडं न बघता त्याच्याकडं बघतात. सरपंचपतीची सुरुवात बहुतेक अशाच चांगुलपणातून झालेली असते. याला ते एका वाक्यात कळलं. तो वाद घालत नाही, समजावत नाही, रागावत नाही. बसतो. विशीतल्या मुलाला भरल्या खोलीत हे जमणं सोपं नाही. त्याच्या मित्रांच्या चेहऱ्यांवर ‘कसा उतरवला’ हा भाव स्पष्ट दिसतोय, आणि तोही ते बघतोय.

फळ्यापाशी आता कुणी नाही.

“बोलीचं आलं तर येऊ दे,” आडतवाली तांड्यावरच्या मुलीला म्हणते. “ऐकणारे कोण हायेत? आपलेच की. इथं शुद्ध कोण बोलतंय?”

“घरी विचारावं लागेल.”

“विचार की. पण आधी निवडून तर ये. मग विचारायला काहीतरी होईल.”

प्राध्यापिका म्हणतात, “निवड झाली तर कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र देऊ घरी. काम काय, वेळ काय, सोबत कोण, सगळं लिहून.”

“पत्र आलं तरी वाचणार मीच मॅडम,” ती मुलगी म्हणते आणि पहिल्यांदा हसते. “घरातले सगळे कागद मीच वाचते. पण द्या. शिक्का असला की बापू ऐकतेत.”

पॅनलवाला मुलगाही उभा राहतो. त्याचंही नाव फळ्यावर जातं, आणि ते योग्यच आहे. हात वर करून मतं घ्यायचं ठरत असतानाच मागून विरोध होतो. एकाच गावची मुलं-मुली इथं आहेत, एकाच गाडीनं परत जायचंय. कुणी कुणाला हात वर केला ते गावात पोचेल. “चिठ्ठ्या करा.” हेही मुलींनीच सुचवलं. वहीची पानं फाटतात, पट्ट्या होतात, एक रिकामा डबा पुसून मतपेटी होतो. त्याला अजून भाजीचा वास आहे. प्राध्यापिका आणि दोन्ही बाजूंचं एकेक जण मिळून टेबलावर चिठ्ठ्या मोजतात, प्रत्येक चिठ्ठी उघडून दाखवतात. चुरस आहे. एका चिठ्ठीवर दोन्ही नावं आहेत, ती बाद ठरवण्यावरून दोन मिनिटं भांडण होतं.

तांड्यावरची मुलगी निवडून येते. फार मोठ्या फरकानं नाही. म्हणजे मुलींनी सगळ्यांनीच तिला मतं दिली असं नाही आणि मुलांनी कुणीच दिली नाही असंही नाही. मला हा निकाल एकमतापेक्षा जास्त खरा वाटतो. पॅनलवाला मुलगा खांदे उडवतो, मग पुढं येऊन तिला म्हणतो, “क्रीडा मला दे, ते मला येतंय.” ती मान डोलावते.

तो बाकावरून उठतो, जाड पुठ्ठ्याची वही उचलतो. वहीसोबत पावतीपुस्तक आहे आणि एक किल्ली, दोरीत बांधलेली. स्टोअररूमची. गेलं वर्षभर ही किल्ली त्याच्या खिशात होती. तो तिन्ही वस्तू तिच्यासमोर बाकावर ठेवतो. “पावत्यांचे नंबर जुळवून घे. मी जुळवलेत, पण तू घे. सही त्याच्यानंतर कर.” ती उभ्या-उभ्याच पावत्या चाळायला लागते, शेवटचा नंबर वहीतल्या नंबराशी ताडून बघते आणि एके ठिकाणी थांबते.

“ही कुणाची? नाव नाई याच्यावर.”

तो वाकून बघतो. “हार-फुलांची असणार. लिहायचं राहिलं.”

“मग लिहा. तारीख पण.”

तो लिहितो.

ती फळ्यापाशी जाते. खडू उचलते, पण लिहीत नाही. सगळ्यांकडं तोंड करून बोलते. आवाज अजून लहानच आहे, पण खोली आता ऐकतेय. “माझा पहिला मुद्दा आहे. गॅदरिंग संध्याकाळी असतंय. सहाला सुरू होतंय. आम्ही दरसाली...” ती अडखळते, एक शब्द तिच्या बोलीतला येतो, ती तो तसाच राहू देते. “दरसाली पहिलं गाणं व्हायच्या आधीच आम्ही निघतो. नाच आम्ही बसवतो आणि बघतेत दुसरेच. यंदा सकाळी दहाला सुरू करायचं. शेवटच्या गाडीआधी बक्षीसं वाटून संपवायचं.”

मुलांमध्ये एकच गलका होतो. दिवसा लायटिंग दिसणार नाही. दिवसा मजा नाही. साउंडवाल्याचे पैसे वाया जातील. “गॅदरिंग आहे का शोकसभा?” एकाचं म्हणणं. दुसरा म्हणतो, मुलींसाठी स्पेशल गाडी करू, आडतवाली लगेच विचारते, किती गावांना किती गाड्या, डिझेल कोण देणार, आकडा सांग. आकडा कुणाकडं नाही. एन.सी.सी.वाली म्हणते, अर्धा कार्यक्रम दिवसा, अर्धा संध्याकाळी. तेही सगळ्यांना पटत नाही. पटायला नकोच लगेच. वर्षानुवर्षं जी गोष्ट आपोआप ठरलेली होती ती पहिल्यांदा चर्चेला आलीय.

तो हात वर करतो. घंटा व्हायला पाच मिनिटं आहेत आणि त्याला काहीतरी फार सांगायचंय, हे दिसतंय.

ती फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं क्रमानं लिहितेय. त्याच्याकडं बघते. “दादा, तुमच्या आधी तिघं आहेत.”

मग खिडकीतल्या मुलाकडं खडू करून म्हणते, “तू बोल. लायटिंगचं काय म्हणत होतास, किती खर्च येतो त्याचा?”